थांबलेली आजी

तारामावशीचं खरं नाव तारा नव्हतं. टेलिफोन खात्यात तीस वर्षं तिने केबलच्या तारा जोडल्या, म्हणून तिथल्या लोकांनी तिला तारामावशी करून टाकलं, आणि ती निवृत्त झाली तेव्हा ते नाव तिच्या पाठोपाठ घरी आलं. नवराही चारचौघांत तिला तारामावशीच म्हणायचा. घरात मात्र नुसतं "अगं".

त्यांची एकुलती एक लेक दूरच्या शहरात राहायची. रोज संध्याकाळी सातला, लेक कामावरून परतली की, लॅपटॉपवर बोलणं व्हायचं. समोर लेक, कधी जावई, आणि साडेचार वर्षांची नात. शिवाय विहीणबाई. त्या नात वर्षाची झाल्यापासून मुलाकडेच राहत होत्या आणि दिवसभर नातीला सांभाळत होत्या.

तारामावशीचा लॅपटॉप म्हणजे लेकीच्या कॉलेजातला, चांगला बारा वर्षांचा. उचलायला जड, पण पडदा मोठा, आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या तारामावशीला तो मोठा पडदाच हवा होता. फोनवरची माणसं तिला मुंग्यांएवढी दिसायची. अडचण एकच होती. बोलता बोलता चित्र अडकायचं. आवाज तुकड्यातुकड्यांनी यायचा, आणि तिकडच्यांना तारामावशी दिसायची ती तोंड उघडं, एक डोळा अर्धा मिटलेला, अशी थिजलेली.

एकदा नातीकडे शेजारची मैत्रीण खेळायला आली होती. नातीने तिला पडद्याजवळ आणलं आणि ओळख करून दिली, "ही बघ, ही माझी थांबलेली आजी." मग मागे वळून विहीणबाईंच्या मांडीवर हात आपटला. "आणि ही माझी आजी."

सगळे हसले. विहीणबाईही हसल्या. तारामावशीही हसली, पण ते हसू तिकडे पोचलं की नाही कोण जाणे, कारण तेवढ्यात चित्र पुन्हा अडकलं.

"नुसती आजी!" बोलणं संपल्यावर ती नवऱ्याला म्हणाली. "तिच्या नावाला पुढेमागे काही नाही. आणि मी थांबलेली."

नवरा चित्रकलेचा निवृत्त शिक्षक. त्याने पेन्सिलीला टोक करता करता म्हटलं, "लहान पोर आहे. जे दिसतं ते बोलली."

"तेच म्हणतेय मी. तिला हेच दिसतं."

त्या आठवड्यात तिचं कशातच लक्ष लागलं नाही. भांडी घासताना विहीणबाईंची मांडी आठवायची. चांगली गुबगुबीत, बसायला ऐसपैस. चार दिवसांनी तिने लॅपटॉप पिशवीत घातला आणि दुरुस्तीच्या दुकानात गेली.

दुरुस्तीवाला पन्नाशीचा, पोट सुटलेला, कपाळावर भिंगाचा चष्मा चढवलेला माणूस होता. त्याने लॅपटॉप सुरू करून दोन-चार ठिकाणी टिचक्या मारल्या आणि विचारलं, "घरी राऊटर नवा आहे का?"

"मागच्या वर्षी बदललाय."

"मग राऊटरचा दोष नाही. तुमच्या लॅपटॉपच्या पोटात वायफायचं कार्ड असतं, ते जुनं आहे. नवा राऊटर दोन वाटांनी बोलतो. याला एकच वाट कळते, आणि त्या वाटेवर तुमच्या सगळ्या इमारतीची गर्दी. कार्ड बदललं की दुसरी वाट उघडेल. ठेवून जा, उद्या देतो."

"कार्ड द्या. बसवते मी."

दुरुस्तीवाल्याने भिंग डोळ्यांवर ओढून तिच्याकडे पाहिलं. "मावशी, नखाएवढं काम असतं. दोन तारा, केसासारख्या. त्यांची टोकं तिळाएवढी."

"मी खड्ड्यात उतरून दोनशे जोड्यांच्या केबली जोडल्यात. पायाखाली गुडघाभर पाणी आणि वरून साहेब ओरडतोय, किती वेळ, किती वेळ. तुमच्या दोन तारांचं काय घेऊन बसलात!"

तो हसला. त्याने कार्ड दिलं आणि बजावून सांगितलं. आधी बॅटरी काढायची. तारेचं टोक तिरकं दाबायचं नाही, सरळ वरून, टक् असा आवाज येईपर्यंत. काही कंपन्यांचे लॅपटॉप परकं कार्ड घरात घेत नाहीत, तसं झालं तर परत आणायचं. आणि कार्ड चालवायची फाइल त्याने पेनड्राइव्हवर घालून दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने जेवणाचं टेबल पुसून कोरडं केलं, वर पांढरा पंचा अंथरला आणि नवऱ्याच्या हातात बॅटरी दिली. "इथे उजेड धरा. हलवू नका."

"आधी म्हणालीस बॅटरी काढायची, आता म्हणतेस बॅटरी धर."

"ती वेगळी. धरा मुकाट्याने."

लॅपटॉप पालथा घालून तिने त्याची बॅटरी सरकवून काढली. मग स्क्रू. प्रत्येक स्क्रू ज्या जागेवरून निघाला त्याच क्रमाने तिने पंच्यावर मांडला, ही खात्यातली सवय. झाकण उघडलं तेव्हा आत पंख्याभोवती धुळीचा जाड थर बसलेला होता. तो तिने नवऱ्याच्या जुन्या ब्रशने झाडला. एका कोपऱ्यात हिरवं कार्ड होतं, काड्यापेटीच्या अर्ध्याएवढं. त्यावर एक काळी आणि एक पांढरी तार. तिने नखाने दोन्ही अलगद उचलल्या, एकच स्क्रू काढला, आणि कार्ड आपसूक तिरकं वर उठलं.

नवं कार्ड खाचेत बसलं. काळी तार पहिल्याच फटक्यात टक् करून बसली. पांढरी बसेना. एकदा निसटली, दोनदा निसटली, तिसऱ्यांदाही निसटली. खात्यात तिला एका तारेला तीन फटके कधी लागले नव्हते.

"हे एवढं नातीसाठी चाललंय," नवऱ्याने उजेड न हलवता विचारलं, "की विहीणबाईंना दाखवायला?"

 तारामावशीने हात पंच्याला पुसला, श्वास रोखला आणि तार सरळ वरून दाबली. टक्.

लॅपटॉपने परकं कार्ड निमूटपणे घरात घेतलं. पेनड्राइव्हवरची फाइल चालवल्यावर राऊटरचं नाव पडद्यावर दोनदा दिसायला लागलं. तिने दुसरी वाट निवडली.

त्या संध्याकाळी तिकडचं घर असं समोर आलं की जणू मधली काच कुणीतरी धुऊन काढली होती. नात पडद्याला नाक लावून ओरडली, "आजी, तुझ्या हनुवटीवर तीळ आहे! आजी, तू हलतेस!" तारामावशीने मान हलवून दाखवली, हात हलवून दाखवले, जीभसुद्धा काढून दाखवली. कितीतरी महिन्यांत तिला इतका आनंद झाला नव्हता.

तो आनंद दहा मिनिटं टिकला. मग तिला बाकीचंही दिसायला लागलं.

नातीच्या दोन वेण्या दिसल्या, चापूनचोपून घातलेल्या. तशा घालायला अर्धा तास लागतो आणि पोराला तितका वेळ मांडीत बसायला लागतं. जावयाच्या स्वेटरच्या कोपराला बारीक टाक्यांचं ठिगळ दिसलं. खिडकीतल्या खुर्चीवर विहीणबाईंचा चष्मा आणि त्याला टेकून नातीची बाहुली. आणि आवाज तर असा लख्ख, की लेकीने मागे वळून हळूच म्हटलेलंही ऐकू आलं.

"आई, तू जेवून घे ना. माझी वाट नको बघूस."

तू!  सासूला लेक आई म्हणते हे तिला माहीत होतं, सगळ्याच म्हणतात. पण लग्नानंतर सात वर्षं ते "आई, तुम्ही जेवून घ्या" असं होतं. त्या "तुम्ही"त तारामावशीची जागा सुरक्षित होती. ते "तू" कधी झालं? या तुटक्या आवाजाच्या आडून किती दिवस चाललं होतं?

"काय स्पष्ट दिसतंय हो आता!" विहीणबाई पडद्यात डोकावून म्हणाल्या. "तुम्ही स्वतः केलंत? कमाल आहे बाई तुमची."

"छे, त्यात काय," तारामावशी म्हणाली. 

दोन दिवसांनी तिने लेकीपुढे गोष्ट काढली. "आता लाइन चांगली झालीय. दुपारीही चालू करत जा म्हणावं. मी नातीशी खेळते, गोष्टी सांगते. विहीणबाईंना तेवढाच आराम."

विहीणबाईंनी हो म्हटलं. रोज दुपारी दोन वाजता त्या लॅपटॉप टेबलावर उघडून ठेवू लागल्या. नात थोडा वेळ समोर बसायची, मग तिचं तिचं खेळायला जायची. तारामावशी मात्र उठायची नाही. ती बघत बसायची. विहीणबाईंनी नातीला भरवताना टीव्ही लावला, ते पाहिलं. नातीने हात न धुता फळ खाल्लं, ते पाहिलं. पसारा किती वेळ तसाच पडला होता, तेही पाहिलं.

"पूर्वी तू लाइन जोडायचीस," नवरा म्हणाला. "आता लाइनवर कान लावून बसतेस. खात्यात याला काय म्हणायचे ते मी तोंडाने सांगत नाही."

"माझी नात आहे. बघू नको?"

"नातीकडे बघ की."

पुढल्या बुधवारी विहीणबाई खुर्चीत बसल्या बसल्या झोपल्या. मान एका बाजूला कलली, चष्मा नाकावरून घसरला. नातीने स्टूल ओढत खिडकीशी नेलं आणि त्यावर चढायला लागली.

"खाली उतर!" तारामावशी इतक्या जोरात ओरडली की आतल्या खोलीतून नवरा धावत आला. "आधी खाली उतर! विहीणबाई! अहो विहीणबाई!"

नात दचकली आणि उतरली. विहीणबाई खडबडून जाग्या झाल्या, उठून नातीला जवळ घेतलं, स्टूल बाजूला केलं. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर शरम आणि आभार दोन्ही होते. "डोळा लागला हो," त्या म्हणाल्या. "बरं झालं तुम्ही होता."

"असू द्या, होतं असं," तारामावशी म्हणाली.

विषय तिथे संपायला हवा होता. पण तारामावशीने तो जपून ठेवला. संध्याकाळी विहीणबाई आत गेल्याची खात्री करून घेऊन तिने तो लेक आणि जावई दोघांपुढे मांडला, तिखटमीठ लावून.

"मला बोलायचं नव्हतं. पण आज पोर खिडकीतून पडली असती. आणि आजचंच नाही. त्या रोजच झोपतात."

रोज हा शब्द तिच्या तोंडून आपोआप निघाला. निघाल्यावर तिला तो परत घेता आला असता. तिने घेतला नाही. जावयाचा चेहरा उतरला. लेक टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. त्या रात्री तारामावशीला गाढ झोप लागली.

दोन दिवस लेकीने लॅपटॉप लावला नाही, कामात आहे असा निरोप आला. तिसऱ्या दिवशी चित्र सुरू झालं तेव्हा खिडकीतली खुर्ची रिकामी होती.

"आई गेल्या त्यांच्या घरी," लेक म्हणाली. "ह्यांनी विचारलं त्यांना, रोज झोपतेस का म्हणून. त्या म्हणाल्या, उद्यापासून ही जबाबदारी मला नको. सकाळच्या बसने गेल्या."

"अगं, पण एवढं काय..."

"त्या बुधवारच्या आधी पोरीला रात्री ताप येत होता, आई. दोन रात्री त्या तिच्या उशाशी बसल्या होत्या, कारण मला सकाळी कामावर जायचं होतं. तुला सांगितलं नाही, तू उगाच घोर लावून घेशील म्हणून."

तारामावशीने पडद्यावरचे डोळे काढून टेबलावर खिळवले.

नातीला पाळणाघरात घातलं. संध्याकाळी ती पेंगुळलेली असायची, वेण्यांच्या जागी कसाबसा बांधलेला एक शेपटा. तारामावशी गोष्ट सांगू लागली की ती उठून रिकाम्या खुर्चीत जाऊन बसायची. एके दिवशी ती पडद्याजवळ आली आणि म्हणाली, "आजीला तू घालवलंस का गं?"

"कोण म्हणालं असं?"

"कोणी नाही. बाबा आईला हळू म्हणाला."

तारामावशीला वाटलं, चित्र आता अडकावं. ते अडकलं नाही. तिचा सगळा चेहरा नातीला नीट दिसत राहिला.

लॅपटॉप मिटून ती टेबलाशीच बसली. नवऱ्याने शेजारी येऊन खुर्ची ओढली.

"मी एकदाच पाहिलं होतं त्यांना झोपलेलं," ती म्हणाली.

"ठाऊक आहे मला. त्या दिवशी धावत आलो तो मीच ना."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर ऐकलं असतंस?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने विहीणबाईंना लॅपटॉपवरून फोन लावला. नुसता आवाज ऐकवून मोकळं व्हावं असं तिला फार वाटलं, पण ते तिला पळपुटेपणाचं वाटलं. विहीणबाईंनी दोनदा उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलला. मागे बंद घराचा वास यावा तशी खोली होती; सामानावर अजून चादरी टाकलेल्या.

"बोला," विहीणबाई म्हणाल्या.

"मी खोटं बोलले. रोज झोपता म्हणाले. मी एकदाच पाहिलं होतं."

विहीणबाईंनी शेजारच्या खुर्चीवरची चादर ओढून घडी घालायला घेतली.

"मला तुमचा हेवा वाटतो," तारामावशी म्हणाली. हे वाक्य तिने पाठ केलं नव्हतं. "ती तुमच्या मांडीवर बसते. माझी लेक तुम्हाला अगंतुगं करते. मी इकडे नवं कार्ड बसवलं ते तिला बघायला, आणि बसले तुम्हालाच बघत. पोटात दुखायचं माझ्या. म्हणून बोलले."

"तुम्हीच म्हणाला होता, विहीणबाईंना तेवढाच आराम."

"हो."

"त्या दिवशी तुम्ही ओरडलात म्हणून पोर वाचली. मी मनात म्हटलं, बरं झालं, दुसरं माणूस आहे घरात. आणि संध्याकाळी माझा मुलगा विचारतो, आई, रोज झोपतेस का? या वयात पोटच्या मुलापुढे जबाब द्यावा लागला मला." त्यांनी चष्मा काढून पुसला. "ते लॅपटॉप उघडा ठेवायचं सुरू झाल्यापासून मला त्या घरात साधं बसायचीही चोरी झाली होती. खाज आली तर खाजवावं की नाही, असा विचार करायचे मी."

"माफ करा मला."

"मला सांगून काय उपयोग? ज्यांच्यापुढे बोललात त्यांच्यापुढे सांगा."

म्हणजे जावयापुढे. तारामावशीचे कान गरम झाले. लेकीपुढे एक वेळ नाक घासता येतं. पण जावयापुढे आपण खोटारडी ठरायचं, तेही त्याच्याच आईबद्दल! सगळा दिवस ती घरभर फिरत राहिली. निघून गेलेला शब्द आता परत घेता येत नव्हता, आणि दुसऱ्या कुणाला हे काम देताही येत नव्हतं.

सातला तिने सांगितलं. जावई उभाच होता, पाण्याचा पेला हातात. ती बोलत असताना त्याने पेला खाली ठेवला नाही आणि पाणी प्यायलाही नाही. संपल्यावर तो एवढंच म्हणाला, "मी आईवर विश्वास ठेवायला हवा होता," आणि आत निघून गेला.

लेक मात्र थांबली. "आई, तू असं करशील असं मला कधी वाटलं नव्हतं."

"मलाही नव्हतं वाटलं."

लेक पुढे आठवडाभर तुटक बोलली. हो, नाही, बरं, ठेवते. तारामावशीने तक्रार केली नाही. जावई सुट्टी काढून आईकडे जाऊन आला आणि एकटाच परतला. विहीणबाई बारा दिवसांनी आल्या, आपल्या पायांनी, आणि त्यांनी दोन अटी घातल्या. दुपारी लॅपटॉप बंद राहील. आणि पोरीबद्दल जे काही म्हणायचं ते आधी त्यांच्या तोंडावर म्हणायचं. लेकीने त्या अटी तारामावशीला वाचून दाखवल्यासारख्या सांगितल्या. तारामावशी दोन्हींना हो म्हणाली.

विहीणबाई आल्या त्या संध्याकाळी नात इतकी खुशीत होती की पडद्यासमोर दोन मिनिटंही टिकली नाही. "आजी, मी जाते हं, आजी आलीय," म्हणाली आणि पळाली. लेक स्वयंपाकघरात होती. पडद्यासमोर राहिल्या त्या दोघी विहिणी.  तिकडे आत नात कसलं तरी गाणं मोठ्याने म्हणत होती.

"केस किती गुंतले होते हो तिचे," विहीणबाई म्हणाल्या. "तासभर लागला सोडवायला."

तारामावशीने घसा खाकरला. "आज काय काय केलंत तुम्ही दोघींनी? मला सांगा ना सगळं."

विहीणबाईंनी तिच्याकडे नीट बघून घेतलं, टोमणा तर नाही ना, म्हणून. मग खुर्ची पुढे ओढली आणि सांगायला लागल्या. सकाळपासून सुरुवात केली. नात दारात कशी बिलगली, बाहुलीला आजारी पाडून तिला औषध कसं पाजलं, आंघोळीला किती त्रास दिला. सांगता सांगता त्यांना हसू यायला लागलं. मध्ये दोनदा तारामावशीच्या पोटात तीच जुनी कळ उठली. ती तिने उठू दिली, आणि विचारलं, "मग? मग पुढे काय केलं तिने?"